काठ वर की काठ खाली

खाली बसलेल्या बाईशी सगळं जग वरून बोलतं, असं आमच्या घरमालकीणबाईंचं मत होतं. हे मत त्या चुलीवरच्या कढईला सांगत, दारात आलेल्या भाजीवालीला सांगत, आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोला तर रोज सांगत. फोटोतले गृहस्थ हातात काठी घेऊन उभे होते. "पाह्य, हेही वरूनच पाहून राह्यले," असं म्हणून त्या भाकरी उलटत. भाकरी करपली की त्या दिवसापुरता फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला जाई. बारा वर्षं झाली होती त्यांना जाऊन, पण करपलेल्या भाकरीची जबाबदारी अजून त्यांच्याकडेच होती.

मी खामगावला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेले, तेव्हा या काकूंच्या घरात वरची खोली घेतली. माझं सगळं शिक्षण नागपूरला मिशनच्या बोर्डिंगात झालेलं. मला चूल पेटवता येत नव्हती आणि कोणी मोठ्याने बोललं की उत्तर सुचत नसे. काकू खानावळ चालवायच्या. कापूस पिंजायच्या जिनातले दोनतीन कारकून, पोस्टातले एक बाबू आणि आता मी. पहिल्याच रात्री त्यांनी माझ्या ताटात कारल्याची भाजी वाढली, गूळ न घातलेली. मी ती निमूट संपवली. नव्या माणसाची ही परीक्षा असते, हे नंतर कळलं.

"पोरगी मुकी हाये," काकूंनी माझ्यादेखत पोस्टातल्या बाबूंना सांगितलं, "पण कडू पोटात ठेवते."

बाबूंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. त्यांना स्वतःला त्या परीक्षेत उलटी झाली होती म्हणे.

काकूंचं स्वयंपाकघर खालचं होतं. म्हणजे चूल जमिनीवर, पोळपाट जमिनीवर, विळी जमिनीवर, आणि पलीकडच्या कोपऱ्यात मोरी, तीही जमिनीवरच. काकूंचे गुडघे मात्र जमिनीशी पटवून घ्यायला तयार नव्हते. चुलीपासून मोरीपर्यंत जायचं तर आधी उठावं लागे. उठताना इतर बायका देवाचं नाव घेतात. काकू सासरच्या माणसांची नावं घेत, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, आणि प्रत्येकाला एकेक विशेषण लावत. दिरांपाशी कंबर सुटे, नणंदेपाशी मांड्या, आणि सासऱ्यांपाशी गुडघे सरळ होत. सासऱ्यांचं विशेषण इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून मी मुलींच्या शाळेत शिकवते, याची मला नव्याने आठवण व्हायची.

त्या वर्षी आषाढात दीर आले. वडनेर भोलजीला त्यांची मोठी शेती होती. मिशीला तेल, अंगात पांढरा शुभ्र सदरा, आवाज असा की घरात दुसऱ्या कोणी बोलायची सोयच उरू नये. ते ओसरीतल्या खाटेवर बसले आणि काकू चुलीपाशी खाली. मी जिन्यात उभी होते. मी नेहमी जिन्यातच उभी असे. तिथून सगळं दिसतं आणि कोणी काही विचारत नाही.

"वहिनी, पुरे झालं आता हे लोकायले जेवू घालणं," दीर म्हणाले. "तुमच्यानं उठणं होत नाही, बसणं होत नाही. वडनेरले चला. मांगची खोली खाली करून देतो. हे घर कापसाच्या अडत्याले भाड्यानं देऊ."

"मांगची खोली म्हंजे कांद्याची," काकू म्हणाल्या.

"कांदे काढू ना वो."

"कांद्यायनं काय बिघडवलं हाये तुमचं? राहू द्या त्यायले."

दीर हसले नाहीत. काकूही हसल्या नाहीत. कांद्याच्या खोलीत गेलेल्या बाईचं काय होतं, हे त्यांना माहीत होतं. ती कोपऱ्यात बसून डाळ निवडते, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण तिच्याशी वरून बोलतो. शेवटी दिरांनीच अट घातली. पितृपक्षात दादाचं पित्तर यंदा इथेच घालायचं. सगळा स्वयंपाक काकूंनी एकटीने, कोणाचा हात न धरता केला, तर ते पुन्हा विषय काढणार नाहीत. नाही झाला, तर काकूंनी त्याच दिवशी त्यांच्या दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, बसायचं.

"दमणी घेऊनच येतो," ते म्हणाले.

"या. येतानी काही भरून आणजा. रिकामी गाडी दारात बरी दिसत नाई."

दीर गेल्यावर काकूंनी फोटो भिंतीकडे वळवला. त्या दिवशी भाकरी करपली नव्हती.

त्याच सुमाराला कापसाच्या एका कंपनीचा साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं. काकू मला दुभाष्या म्हणून घेऊन गेल्या. खरं तर तिथे इंग्रजीची गरज पडली नाही, कारण साहेब आधीच गेला होता. खानसामा एकटाच होता, आणि तो सामान विकायच्या आधी स्वतःची भांडी उरकत होता. काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. तो उभा होता. कमरेइतक्या उंचीवर पांढरीशुभ्र चिनी मातीची एक मोठी कुंडी होती आणि तो गाणं गुणगुणत त्यात ताटल्या विसळत होता.

"अव बापा," काकू हळूच म्हणाल्या. "हा पायजामेवाला उभ्यानं भांडे घासते, आन् मी चाळीस साल बेडकावानी बसून राह्यली!"

तशा कुंड्या बंगल्यात दोन होत्या, अगदी सारख्या. आमच्या गाडीवरच्या माणसांनी दुसरीही उचलून आणली, पहिलीही भिंतीतून काढली आणि अंगणात दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. काकू वाकून त्या माठासारख्या बोटाने वाजवून पाहत होत्या. तेवढ्यात खानसामा माझ्याजवळ आला आणि मी साहेबी शाळेत शिकलेली दिसते म्हणून हसत हसत त्याच्या हिंदुस्थानीत सांगू लागला, की यातल्या एकीत ताटल्या धुतल्या जात, आणि दुसरी मागच्या व्हरांड्यात होती, तिच्यात मेमसाहेबांचा कुत्रा आंघोळ करायचा.

"यातली कुत्र्याची कुठली?" मी विचारलं. माझ्या आयुष्यात मी परक्या माणसाला विचारलेल्या फार थोड्या प्रश्नांपैकी हा एक.

त्याने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. डोकं खाजवलं. "अब तो खुदा जाने," तो म्हणाला.

काकूंनी तोवर एक पसंत केली होती. "हिचा आवाज बरा हाये," त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. कडू पोटात ठेवायची मला सवय होती.

कुंडी गाडीवर घालून आणली, तेव्हा ती एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या पानांत गुंडाळलेली होती. योगायोग असा, की ती पानं अशाच कुंड्यांच्या जाहिरातीची होती. रात्री जेवणं झाल्यावर काकूंनी ती माझ्यासमोर पसरली. पंगतीत जिनातले कारकून, पोस्टातले बाबू, सगळे हात वाळवत बसले होते.

"बोल वो मास्तरीण. साहेब लोक हे कसं बसवतात?"

मी बोलले. शाळेतल्या मुलींसमोर बोलते तसं, कागदाकडे बघून. तीन तऱ्हा होत्या. पहिली, ओट्याला भोक पाडायचं आणि कुंडी वरून आत सोडायची, म्हणजे तिचा काठ ओट्यावर टेकतो. दुसरी, कुंडी ओट्याच्या खालून लावायची, म्हणजे काठ झाकला जातो आणि ओट्यावरचं पाणी सरळ आत उतरतं. तिसरी, कुंडी तिच्या स्वतःच्या विटांवर उभी करायची, ओटा दोन्ही बाजूंनी येऊन तिच्याशी थांबतो, आणि पुढून ती उघडी राहते. कुठली घ्यायची, हे ओटा कशाचा आहे यावर ठरतं, असंही त्यात लिहिलं होतं.

"काठ वर," पोस्टातले बाबू ठामपणे म्हणाले. "पाकिटाची चिकटवायची बाजू नेहमी वर असते."

"तुमाले कोणी इचारलं?" काकू म्हणाल्या. पण सुरुवात त्यांनी काठ वर ठेवूनच केली, कारण घरात सागवानी दाराची एक जुनी फळी पडून होती, आणि लाकडाचा कापलेला काठ कुंडीच्या काठाखाली झाकलेला बरा, असं पुस्तकात होतं.

मिस्त्री म्हणून जो आला, त्याने आजवर फक्त तुळशीवृंदावनं आणि समाध्या बांधल्या होत्या. त्यामुळे त्याने काहीही बांधलं तरी ते त्या दोहोंपैकी एकासारखं दिसे. ओट्याच्या पायात त्याने सवयीने दिव्यासाठी कोनाडा ठेवला.

"हा कोनाडा काऊन ठेवला बे?"

"राहू द्या ना बाई. दिवा लागतेच कधी ना कधी."

"मी मेल्यावर लावजो. आता बुजव."

त्याने बुजवला नाही. काकूंनी त्यात मिठाची बरणी ठेवली.

काठ वर ठेवलेल्या कुंडीचा गुण असा, की ती कशावरही बसते. आणि अवगुण असा, की तिचा काठ ओट्यावर बोटभर उंच राहतो. काकूंना चाळीस वर्षांची सवय होती तळहाताने सगळं एका फटक्यात मोरीत ढकलायची. आता प्रत्येक फटका काठावर येऊन थांबे. भाताची शितं, कोथिंबिरीची देठं, पिठाचं पाणी, सगळं तिथे कुंपणाला अडलेल्या गुरांसारखं जमा होई. "हे भांडं हाये का कोंडवाडा?" काकू विचारत. पाणी साचून साचून लाकूड फुगलं, आणि एके दिवशी ऐन जेवणाच्या वेळी फळी मधोमध चिरली. कुंडी आमटीच्या पातेल्यासकट खाली आली. पातेलं चेपलं. कुंडीला टवकाही उडाला नाही.

"साहेब गेला, पण माल पक्का ठेवून गेला," काकू म्हणाल्या. आम्ही त्या दिवशी ताकभात खाल्ला.

मग विटांचा ओटा झाला आणि काकूंनी तो हौसेने शेणाने सारवला, कारण सारवल्याशिवाय स्वयंपाकाची जागा त्यांना स्वयंपाकाची वाटत नसे. कुंडी खालून लावली. आठवडाभरात ओट्याचा काठ भिजून भिजून कुंडीत उतरला. आमटीला मातीचा वास येऊ लागला. जिनातल्या एका कारकुनाने तक्रार केली, तर काकूंनी त्याला ही जमिनीची ताकद आहे असं सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं.

शेवटी शहाबादी फरशी आली. अख्खी, एकाच तुकड्याची, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मिस्त्रीने तिला चौकोनी भोक पाडलं, खाली विटांचे खांब उभारून कुंडी त्यावर ठेवली आणि तिचा काठ दगडाखाली घेतला. दगडाला पाण्याचं भय नाही. एका टोकाला शेगड्या, दुसऱ्या टोकाकडे कुंडी, भिंतीतल्या फळीवर तोटी बसवलेला तांब्याचा हंडा, आणि खालून मातीचा नळ काढून परसातल्या केळींपर्यंत. काकूंनी हंड्याची तोटी सोडली, फरशीवर मुद्दाम मूठभर भात टाकला आणि तळहात फिरवला. शितं सरळ आत गेली. त्यांनी पुन्हा भात टाकला. त्या संध्याकाळी आम्हाला जरा कमीच भात मिळाला.

त्या उभ्या राहिल्या, तेव्हा मला प्रथमच कळलं की त्या माझ्यापेक्षा उंच आहेत.

पित्तराच्या आदल्या संध्याकाळी दारात दमणी उभी राहिली. रिकामीच. दिरांबरोबर त्यांच्या पत्नी होत्या, काकूंच्या धाकट्या जाऊबाई. बारीक, काटक, आणि खरकट्याबाबत अशा कडक की त्यांच्या घरी मांजरसुद्धा पाय धुऊन आत येते असं काकू म्हणत. जाऊबाईंनी ओटा पाहिला. हात लावला नाही. फक्त पाहिला, बराच वेळ.

सकाळी डाळ वाटून झाली होती, खिरीचं दूध शेगडीवर चढलं होतं, कढीचं ताक घुसळून तयार होतं. काकूंनी वड्यांचं पीठ थापायला घेतलं, आणि जाऊबाई दारातून म्हणाल्या, "बाई, एक इचारू काय?"

"इचार."

"ही फरशी एकच हाये ना वो? या टोकापासून त्या टोकालोक?"

"एकच हाये," मिस्त्री अभिमानाने म्हणाला. तो जेवायला आला होता. "सांधा नाई कुठंच."

"मंग त्या टोकाले खरकटं पडलं, का या टोकाचे वडेही खरकटे झाले. दगड एकच ना."

जुन्या स्वयंपाकघरात चूल आणि मोरी यांच्यामध्ये चार पावलं जमीन होती. त्या जमिनीचा उपयोग काय, हे आम्हाला ती गेल्यावर कळलं. पितरांचं जेवण खरकट्या दगडावर होऊ शकत नव्हतं, आणि खरकटं तर काकू सकाळपासून त्याच दगडावरून ढकलत होत्या.

"मुद्द्याची गोष्ट हाये," दीर म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ आवाज मला जास्त वाईट वाटला. "वहिनी, खालीच बसून करा ना. तुमाले उठता नाही आलं त कोणी हसणार हाये काय? मी हात देईन."

त्यांनी हात पुढेही केला. काकू त्या हाताकडे पाहत राहिल्या. तो धरला असता, तर तो धरूनच दमणीपर्यंत जावं लागलं असतं. हे त्यांना समजलं होतं, दिरांना समजलं होतं, आणि जिन्यातून मलाही.

काकूंनी आधी फोटो भिंतीकडे वळवला. मग त्या खलबत्त्यापाशी गेल्या, लोखंडी बत्ता उचलला आणि ओट्यासमोर आल्या. कुंडीच्या पुढे फरशीची चार बोटं रुंद पट्टी होती. काकूंनी त्या पट्टीच्या मधोमध बत्ता घातला.

"बाई!" मिस्त्री ओरडला. एखाद्याची समाधी फोडावी तसा त्याचा चेहरा झाला.

दुसऱ्या घावाला पट्टी तुटून खाली पडली. मागची पट्टी भिंतीत घुसलेली होती, तिला जास्त वेळ लागला. दिरांनी दोनदा "वहिनी, वहिनी" म्हटलं. काकू मोजक्या श्वासात सासरची नावं घेत होत्या, आणि सासऱ्यांपाशी मागची पट्टीही गेली. मग त्यांनी दोन्ही बाजूंचे काठ ठोकून ठोकून मागे घेतले. आता डावीकडची फरशी वेगळी, उजवीकडची वेगळी, आणि दोहोंच्या मध्ये कुंडी आपल्या विटांवर एकटी उभी, दोन्ही बाजूंना बोटभर फट. पुस्तकातली तिसरी तऱ्हा. ती आम्ही कधी विचारातच घेतली नव्हती.

"पाह्य आता," काकू धापा टाकत म्हणाल्या. "एक दगड हाये काय?"

जाऊबाई पुढे आल्या. त्यांनी एका फटीतून बोट घातलं, वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग दुसऱ्या फटीतून. दीर त्यांच्याकडे आशेने पाहत होते. पण जाऊबाई कडक होत्या, लबाड नव्हत्या.

"नाई," त्या म्हणाल्या. "आता येगळं हाये. शेगडीकडचा दगड धुऊन घ्या, मंग होते."

काकूंनी दगड धुतला, पहिलं पीठ गाईला घातलं आणि नवं वाटलं. पुढची पट्टी गेल्यामुळे त्यांना कुंडीच्या अगदी जवळ उभं राहता येऊ लागलं, वाकावं लागत नव्हतं. हे त्यांना भांडी विसळताना लक्षात आलं आणि त्या स्वतःशीच हसल्या. वडे, कढी, खीर, गवार-भोपळ्याची भाजी, भजी. दीर दारात पाटावर बसून होते, कोणी हात धरतं का हे पाहायला. काकूंशी बोलायचं झालं की दिरांना मान वर करावी लागत होती.

"भाऊजी, सरका जरा. खाली बसलेलं मानूस पायात येते," काकू म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी किती वर्षं जपून ठेवलं असेल, कोण जाणे.

स्वयंपाक झाला. पान वाढून परसातल्या टिनाच्या छपरावर ठेवलं. आता कावळा शिवला की जेवायचं. कावळा येईना. एरवी परसातल्या कडुलिंबावर कावळ्यांची शाळा भरलेली असे. आज एकही नाही. जिनाचा दुपारचा भोंगा झाला. भजी मऊ पडली. पोस्टातले बाबू आभाळाकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू टपाल उशिरा आलं आहे.

"दादा नाराज हाये," दीर म्हणाले. आवाज पुन्हा मोठा झाला होता.

"कायले नाराज?"

"हे असं उभ्यानं रांधणं. साहेबाचं भांडं. दगड फोडणं. त्याले आवडलं नसन. त्याचा जीव अडकून राह्यला, वहिनी. तुम्ही वडनेरले येतो म्हना, मंग पाहा कसा कावळा येते."

काकूंनी प्रथमच खांबाला हात टेकला. त्या फार वेळ उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून एक शब्द निघता निघता थांबला, आणि तो "येतो" असणार, अशी माझी खात्री झाली. मी जिन्यातून दोन पायऱ्या खाली आले. काय करायला, ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी फडफडलं. आम्ही सगळे वळलो. परसाकडच्या खिडकीतून एक मोठा कावळा आत आला होता आणि कुंडीच्या काठावर बसला होता. पानावर वाढताना एक वडा तुटला होता, त्याचा अर्धा भाग काकूंनी कुंडीत टाकला होता. कावळ्याने मान वाकडी केली, कुंडीत उतरला, वडा उचलला आणि काठावर बसून आरामात खाऊ लागला.

"या भाऊजी," काकू म्हणाल्या. त्यांनी खांबावरचा हात काढला. "या, भेटून घ्या. तुमचे दादा आले. जित्तेपणीही वाढलेलं ताट सोडून पातेल्यातच हात घालत होते."

पोस्टातल्या बाबूंना ठसका लागला. दिरांनी कावळ्याकडे पाहिलं, कावळ्याने दिरांकडे. मला वाटतं, क्षणभर त्यांनाही ओळख पटली असावी, कारण त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"हे धरायचं का?" त्यांनी बायकोला विचारलं.

जाऊबाईंनी विचार केला. "वडा पानावरच्याच घाण्यातला हाये," त्या म्हणाल्या. "शिवला म्हंजे शिवला. कुठं बसून खाल्लं, ते त्याचं तो पाहीन."

दीर पाटावर बसले आणि जेवले. भरपूर जेवले, नाराजीचा त्यांच्या भुकेवर काही परिणाम झाला नव्हता. विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. जेवण झाल्यावर काकूंनी सगळी भांडी उभ्यानेच विसळली आणि फोटो सरळ केला.

दमणी निघायच्या वेळी जाऊबाई माझ्यापाशी आल्या. तोवर त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी एकदा दिरांकडे पाहिलं, ते बैलांशी बोलत होते.

"तुमी इंग्रजी शिकलेल्या. एक इचारू काय?" त्यांचा आवाज अगदी खाली गेला. आता कळलं की त्याही कमरेला हात लावून उभ्या होत्या. "त्या साहेबाच्या बंगल्यात असं अजून एखादं भांडं उरलं असन काय वो?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या.

"आहे एक," मी म्हणाले.

रिकामी आलेली दमणी परत जाताना बंगल्यावरून गेली. दीर मांडीवर चिनी मातीची कुंडी धरून बसले होते, आणि खामगावच्या बाजारातून जाताना सगळ्यांनी त्यांना पाहिलं, असं बाबूंनी दुसऱ्या दिवशी पंगतीत सांगितलं. थोड्या दिवसांनी वडनेरहून निरोप आला, की जाऊबाईंनी ती सागवानी फळीत, काठ वर ठेवून बसवली आहे, आणि शितं अडकतात ते चांगलंच आहे, निदान दिसतात तरी.

मी निरोप वाचून दाखवला आणि काकू विसळत होत्या त्या ताटल्या पुसायला फडकं घेतलं.

"त्या खानसाम्यानं तुले हासून हासून काय सांगतलं होतं, ते मले तवाच समजलं होतं," त्या मागे न वळता म्हणाल्या. "हिंदुस्थानी मलेबी येते. वऱ्हाडात कोणाले येत नाई?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मग घेतलीत कशी?"

"वाजवून घेतली ना." त्यांनी ओल्या बोटाने कुंडीच्या काठावर टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं. मग त्यांनी शेवटची ताटली माझ्या हातात दिली. "कुत्र्याची वडनेरलेच गेली."